लीळा, सूत्र आणि दृष्टांत : घरातल्या मोठ्यांचं आयुष्य ऐकताना

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

*साप्ताहिक अभ्यास : श्रवण*



मागच्या अभ्यासवर्गात एका भगिनीने विचारलं होतं, "रोज पोथी वाचतो, प्रवचन ऐकतो, ऐकताना सगळं पटतं. पण घरात काही प्रसंग आला की त्यातलं काहीच हाताशी येत नाही. मग स्वतःचा असा विचार पक्का होणार तरी कसा?" हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे, म्हणून या आठवड्याचा पाठ त्यावरच घेतला आहे.

कशासाठी धडपडायचं, कुठे थांबायचं, काय सोसायचं आणि काय सोसायचं नाही, याबद्दल प्रत्येक माणसाच्या मनात हळूहळू काहीतरी ठरत जातं. त्याला आपण जीवनदृष्टी म्हणू. सद्गुरूंनी आपल्याला नाम दिलं, समाधानाची वाट दाखवली. पण समाधान म्हणजे गुरुवारच्या आरतीनंतर वाटतं ते, की घरात आजारपण आलं, बदली झाली, मूल दूर गेलं तेव्हा टिकतं ते? हे समजून घ्यायला असं सगळं जगून झालेली माणसं लागतात. ती आपल्या घरात, शेजारात आहेत. आपण त्यांना औषध घेतलं का, जेवण झालं का, एवढंच विचारतो. आणि त्यांच्याजवळ फार वर्षं उरलेली नाहीत, हे माहीत असूनही कुणी बोलत नाही.

गेल्या चातुर्मासात आम्ही काही सेवेकरी भगिनींनी ठरवून आपल्या परिवारातल्या वृद्ध मंडळींकडे जाऊन ऐकायचा नेम केला. टी.टी. नगर, शाहपुरा, कोलार, पिपलानी अशा घरांत बसलो. त्यातून जी पद्धत हाताला लागली ती इथे मांडत आहोत.

*१. समर्थांनी लावलेला क्रम*

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, हे आपण जाणतोच. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणभक्तीचाच आहे. पण त्याच्या आधीचा दशक आठवून बघा. तिसऱ्या दशकात 'स्वगुणपरीक्षा' आहे, आणि तिथे समर्थ एका साध्या संसारी माणसाचं अख्खं आयुष्यच सांगतात. जन्म, बालपण, लग्न, दुसरं लग्न, मुलंबाळं, पोटासाठी परदेशी जाणं आणि शेवटी म्हातारपणी आपल्याच माणसांना नकोसं होणं. त्या माणसाला नावसुद्धा नाही. ही सगळी हकीकत सांगून झाल्यावर दशकाच्या शेवटी वैराग्यनिरूपण येतं.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी एक आयुष्य, मग त्यावरचा विचार. आपण बहुतेक वेळा उलट करतो. आधी विचार पाठ करतो आणि मग आयुष्य त्यात बसवायला बघतो.

*२. म्हाइंभटांची रीत*

आपल्या मराठीत तर हे काम फार जुनं आहे. आपला संप्रदाय वेगळा असला तरी महानुभाव पंथाचं हे उदाहरण प्रत्येक साधकाने माहीत करून घ्यावं असं आहे.

आपल्या बैतूल-मुलताईच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य रिद्धपूरला राहत आणि स्वामींच्या आठवणी मनाशी घोळवत. म्हाइंभट हे मोठे विद्वान. ते नागदेवाचार्यांना एकेक आठवण विचारू लागले आणि लिहून घेऊ लागले. तेवढ्यावर न थांबता, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे गावोगाव जाऊन त्यांनी विचारपूस केली. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, असे छोटे छोटे प्रसंग गोळा केले. प्रत्येक प्रसंगाला 'लीळा' म्हणतात. त्यातून इ.स. १२७८च्या सुमारास 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठी गद्यातला हा पहिला मोठा ग्रंथ मानतात. दोन माणसांच्या आठवणीत फरक पडला, तर तो फरकसुद्धा या परंपरेने नोंदवून ठेवला, एकाची खोडून दुसऱ्याची ठेवली नाही.

पुढचं काम केसोबासांनी केलं. लीळांमधली स्वामींची वचनं वेगळी काढून त्यांनी सूत्रपाठ रचला, आणि स्वामींनी दिलेले दृष्टांत घेऊन दृष्टांतपाठ. त्यात ११४ दृष्टांत आहेत. त्यांची मांडणी अशी की आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि मग तो आपल्याला कसा लागू होतो ते सांगणारं दार्ष्टांतिक.

म्हणजे एका पंथाचं सगळं तत्त्वज्ञान हे आधी लोकांच्या तोंडच्या आठवणी होत्या. कोणीतरी बसून ऐकल्या म्हणून त्या उरल्या.

यात बायकांचा वाटा किती होता तेही बघा. महदाइसा ही वयस्क शिष्या सारखे प्रश्न विचारी, आणि स्वामी तिच्या जिज्ञासेचं कौतुक करत. केसोबास संस्कृतात लिहू बघत होते तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलं तर म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, ही त्यांची काळजी होती. पुढे परचक्रात मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी राहिली त्यांत हिराइसा होती, असं परंपरा सांगते. तिच्या नावाचा पाठ आजही ओळखला जातो.

आपण या रीतीचे तीन शब्द घेऊ या. *लीळा* म्हणजे घडलेला प्रसंग, जसा सांगितला तसा. *सूत्र* म्हणजे त्यातून निघालेलं एक वाक्य. *दृष्टांत* म्हणजे ते वाक्य आपल्या घरात कुठे लागू पडतं ते. (महानुभावांची लीळा देवाची आहे, आपण तो शब्द माणसाच्या प्रसंगाला नम्रपणे उसना घेत आहोत.)

*३. एकच स्थलांतर, दोन आजी*

आता आपल्या भोपाळचं उदाहरण.

१ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या राज्याची राजधानी भोपाळ ठरली. नागपूरहून, ग्वाल्हेर-इंदूरहून, रीव्याहून सरकारी माणसं इथे आली. आपल्यापैकी कितीतरी घरांची भोपाळची सुरुवात तिथूनच आहे. फायलींबरोबर माणसांची बदली झाली, पण राहायला पुरेशी घरं नव्हती.

नव्वदीला टेकलेल्या एका आजींनी सांगितलेली लीळा. नवं लग्न, ट्रंक आणि पाटा-वरवंटा घेऊन नागपूरहून जी.टी.ने त्या उतरल्या. एका क्वार्टरमध्ये दोन कुटुंबं. मधे चादरीचा पडदा, एका स्वयंपाकघरात दोन शेगड्या. दुसरं कुटुंब ग्वाल्हेरचं. नळ सकाळी थोडा वेळच यायचा, आणि रोज त्यावरून वाजायचं. "शेवटी आम्ही दोघींनी पहाटे बसून ठरवलं, एक दिवस आधी तुमच्या घागरी, एक दिवस आधी आमच्या. ज्याच्याशी नळ वाटून घ्यायचा आहे त्याच्याशी अबोला धरून कसं चालेल?" ग्वाल्हेरच्या त्या बाई पुढे त्यांच्या जन्माच्या मैत्रीण झाल्या.

दुसऱ्या आजी साधारण त्याच सुमारास त्याच गाडीने आल्या. पण त्या नागपूरला शाळेत शिकवत होत्या. येताना नोकरी सोडावी लागली, इथे पुन्हा मिळाली नाही. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून एक घडी पडलेला कागद काढून दाखवला. शाळेने दिलेला दाखला होता. "सगळे म्हणाले, जमवून घे. मी जमवून घेतलं. पण जमवून घेणाऱ्याला कुणी विचारत नाही, तुझं काय राहून गेलं. तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत." मुलीला त्यांनी एकच सांगितलं होतं, "बदली नवऱ्याची होते आणि नोकरी तुझी सुटते, हे आधी मोजून बघ."

वर्गात यावर बरीच चर्चा झाली. काही जणींना पहिल्या आजींचं पटलं, काहींना दुसऱ्या. कोणाचं खरं? दृष्टांतपाठात हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत आहे. जो जिथे हात लावतो त्याला हत्ती तसा वाटतो. खोटं कोणीच बोलत नाही. म्हणून आम्ही दोन्ही लीळा समोरासमोरच्या पानांवर लिहिल्या आणि पुन्हा पुन्हा वाचल्या.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. अडचण दोघींनाही होती. पहिल्या आजींना ती बोलायला समोर माणूस होतं. भांडून का होईना, पण त्या बोलल्या आणि वाट निघाली. दुसऱ्या आजींचं बोलणं कुणी मागितलंच नाही. त्यावरून आमच्या गटाने सूत्र काढलं : *जमवून घेण्याआधी बोलून घ्यावं.*

हे सूत्र दोघींपैकी कोणीच सांगितलेलं नाही. दोघींचं ऐकल्यावर ते आमचं झालं. आणि मग दृष्टांताची वेळ आली. आमच्यातल्या एका भगिनीकडे सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. सगळं ती एकटी करत होती, आणि "सेवा आहे, जमवून घ्यायचं" असं म्हणत होती. तिने दोन्ही दिरांना फोन करून सांगितलं, की मला महिन्यातून आठ दिवस हवेत. एका दिराने पाळी घेतली, दुसऱ्याने अजून घेतलेली नाही. पण ती म्हणाली, की आता सासूबाईंचं करताना मनात कटकट नसते. समाधान म्हणजे मूग गिळून बसणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा अनुभव जरूर विचारात घ्यावा. सद्गुरूंचा शब्द तोच आहे, त्याचा अर्थ आम्हाला या दोन आजींमुळे नीट लागला.

*४. ज्याचं सूत्र काढू नये*

सगळ्याच लीळांचं सूत्र होत नाही. हे आम्ही एका आजोबांकडे शिकलो.

२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा हे आजोबा स्टेशनच्या बाजूला राहत होते. घरच्यांना इतकंच माहीत होतं, की आम्ही सगळे पळालो आणि वाचलो. आजोबांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं, की पळताना शेजारच्या दारावर थाप मारायची राहिली. "हात वर केला होता. धाकटा खोकायला लागला, त्याला उचललं आणि निघालो." एवढंच बोलले. त्या घरातलं कोण वाचलं हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

अशा वेळी "देवाची मर्जी", "तुमचा काय दोष", असं काहीतरी बोलायला जीभ शिवशिवते. तिथे गप्प बसावं. आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून दुसऱ्याच्या दुःखाला घाईने अर्थ लावणं हे श्रवण होत नाही. त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला, तो घेतला, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो. आजोबा त्या दिवशी गावच्या आमराईबद्दल बोलले.

ज्यांना हा विषय समजून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एक माहिती. बेरसिया रोडकडे हाउसिंग बोर्ड कॉलनीत 'रिमेंबर भोपाल' संग्रहालय २०१४ साली उभं राहिलं. त्यात वायुपीडितांच्या वस्तू आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजातल्या आठवणी ठेवल्या आहेत. कोणी मोठ्या माणसाने समजावून सांगितलेलं तिथे कमी आहे. ज्याचं गेलं त्याचा आवाज आहे.

*५. न पटणारं ऐकताना*

एक अडचण बऱ्याच जणींनी कळवली. मोठी माणसं अशाही गोष्टी सांगतात ज्या आज मान्य होणार नाहीत. जातीचा ताठा, सोवळं, कामवालीचा कप वेगळा. मग तिथे मान डोलवायची का?

एका आजी मोठ्या अभिमानाने सांगत होत्या, की त्यांच्या माहेरी रीत फार कडक. विधवा आत्या मागच्या खोलीत असत, एक वेळ जेवत, सणाला पुढे येत नसत. "घराण्याला बोल लागू दिला नाही." आमच्यातल्या एकीने वाद घातला नाही, नुसतं विचारलं, "मग आत्यांना रात्री भूक लागली तर?" आजी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "आई पदराखाली लाडू न्यायची. आम्हाला सांगायची, बोलू नका कुठे." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

बघा, सांगणारीच्या तोंडचं सूत्र एक होतं आणि तिच्याच लीळेतलं दुसरं निघालं. कडक रीतीच्या घरात एक बाई रोज रात्री रीत मोडत होती. आपण घ्यायचं ते त्या लाडवाचं. म्हणून न पटणारं आलं की उठून जाऊ नये आणि उपदेशही करू नये. अजून एक साधा प्रश्न विचारावा. मोठ्यांचा मान राखणं म्हणजे त्यांचं प्रत्येक मत उचलणं नाही. मत त्यांचं राहू द्यावं, प्रसंग मात्र नीट ऐकून घ्यावा.

*६. कसं बसावं, काय विचारावं*

१) "तुम्ही आयुष्यात काय शिकलात?" हा प्रश्न टाळावा. त्याला उत्तर म्हणून उपदेश मिळतो. त्याऐवजी "पहिल्या दिवशी काय शिजवलं?", "भाडं किती होतं?", "पत्र कोण वाचून दाखवायचं?" असं विचारावं. वस्तूची आठवण निघाली की माणूस आपोआप बोलतो.

२) वेळ त्यांची घ्यावी. दुपारच्या झोपेनंतर, चहा झाल्यावर बरं. कानाचं मशीन लावलं आहे ना, ते आधी बघावं. आपला मोबाईल पर्समध्ये ठेवावा.

३) लिहून घ्यायचं किंवा रेकॉर्ड करायचं तर आधी विचारावं. नको म्हणाल्या तर नको. नाव, फोटो, आवाज ग्रुपवर टाकू नये. ऐकलेलं नातेवाइकांत तर मुळीच पसरवू नये.

४) तीच गोष्ट पाचव्यांदा सांगत असतील तर "हे सांगितलंत" म्हणू नये. पाचव्या वेळी एखादा तपशील नवा येतो. विसरत असतील, साल चुकत असेल, तरी दुरुस्ती करत बसू नये.

५) एका भेटीत सूत्र काढू नये. निदान तीनदा जावं.

६) एकाच माणसाचं ऐकून मत पक्कं करू नये. आजींचं ऐकलं तर आजोबांचंही ऐकावं. आपल्या नात्यातल्यांबरोबर वेगळ्या परिस्थितीतल्या एखाद्या वृद्धाकडे जावं. सोसायटीचे जुने चौकीदार, भाजीवाली अम्मा, बैरागढच्या सिंधी शेजारीण, ज्यांचं घर फाळणीत सुटलं.

७) जाताना काही नेलं नाही तरी चालेल. पण "पुन्हा येते" म्हटलं तर जावंच. मोठी माणसं वाट बघतात.

*या आठवड्याचा अभ्यास*

वहीचं एक पान घ्यावं आणि त्याचे तीन भाग करावेत. वरच्या भागात एका वृद्ध व्यक्तीने सांगितलेला एकच प्रसंग, त्यांच्याच शब्दांत, आपलं मत न मिसळता. मधला भाग आठ दिवस कोरा ठेवावा आणि रोज जप झाल्यावर ते पान एकदा वाचावं. हेच आपलं मनन. नवव्या दिवशी एक वाक्य सुचलं तर तिथे लिहावं, नाही सुचलं तर कोरंच राहू द्यावं. खालचा भाग आपल्या घरात ते वाक्य लावून बघितल्यावर भरायचा. उपयोग झाला नसेल तर तसंही लिहावं. अशी दहा-बारा पानं भरली की ती एका बैठकीत सलग वाचावीत. काही वाक्यं एकमेकांना धरून असतील, काही एकमेकांच्या विरोधात. जी पुन्हा पुन्हा आपल्या उपयोगी पडली, ती आपली जीवनदृष्टी.

ज्यांच्या घरात आता कोणी मोठं नाही, त्यांनी आपल्या आठवणीतल्या एखाद्या व्यक्तीचा प्रसंग लिहावा. आणि ज्या आपण स्वतःच साठीकडे चाललो आहोत त्यांनी एक पान स्वतःचंही लिहून ठेवावं. नातवंडांना उपदेश नको असतो, पण त्या वेळी आपण काय केलं हे त्यांना एक दिवस विचारावंसं वाटेल.

पुढच्या गुरुवारी वर्गात फक्त आपलं सूत्र आणि अनुभव सांगावा, सांगणाऱ्यांचं नाव नको. ज्यांना ऐकायला जायचं आहे पण घर माहीत नाही, त्यांनी सेवेकरी भगिनींना निरोप करावा. परिवारातल्या काही आजी-आजोबांनी "या" म्हणून सांगून ठेवलं आहे.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥

— अभ्यास गट, महिला सेवेकरी, भोपाळ